गारपीट आणि एका बांधाचें अंतर

हिमवर्षाव म्हणजे काय, हें देशावरील शेतकऱ्यानें बहुधा चित्रांतूनच पाहिलेलें असतें. महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या कांठीं एखाद्या पहांटे दंव गोठतें, वर्तमानपत्रें त्याचीं छायाचित्रें छापतात, आणि ऊन वर येतांच तो सोहळा संपतो. बारामतीहून नीरेकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें आमचें वडगांव निंबाळकर तर त्याहून पुष्कळच उबदार. येथील हिवाळा एक घोंगडी आणि पहांटेची शेकोटी यांपलीकडे कांहीं मागत नाहीं. तरी आमच्या मुलखांतही आकाशांतून बर्फ पडतो. मात्र तो हिवाळ्यांत नव्हे, हिवाळा सरतां सरतां. माघ-फाल्गुनांत शाळू खळ्यावर यावयाचा असतो, गहूं पिवळा झालेला असतो, हरभऱ्याचे घाटे वाळत असतात, द्राक्षांत साखर भरत असते. आणि नेमक्या त्याच दिवसांत एखाद्या दुपारीं काळ्या ढगाला तांबूस छटा येते, वारा क्षणभर पडतो, आणि घरावरच्या पत्र्यावर कोणी मुठीमुठीनें खडे फेकावेत तसा आवाज सुरू होतो. दहा-पंधरा मिनिटांत सारें आटोपतें. मुलें गारा वेंचून तोंडांत टाकतात आणि म्हातारीं माणसें ओसरीच्या खांबाला टेकून शेताकडे बघत उभीं राहतात.

दुष्काळाशीं आमची ओळख जुनी आहे. नीरा आणि भीमा यांच्यामधला हा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत पडतो. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर भाटघरचें धरण आणि नीरेचा डावा कालवा झाला, आणि कालव्याखालीं आलेल्या गांवांचें नशीब पालटलें. ज्यांना तें पाणी मिळालें नाहीं, त्यांनीं खडी फोडण्याचीं कामें पाहिलीं, गुरांच्या छावण्या पाहिल्या, पुढें पाण्याचे टँकरही पाहिले. दुष्काळ हा क्रूर खरा, पण त्याची चाल संथ असते. तो महिनेमहिने अगोदर कळतो, आणि सगळ्या तालुक्याला साधारण एकाच मापानें मोजतो. गारपिटीचें तसें नाहीं. ती अरुंद पट्ट्यानें धांवते. ओढ्याच्या अलीकडे गव्हाची माती होते, आणि पलीकडे ओंबी हालतसुद्धां नाहीं. आज जो इतिहास मीं सांगावयास घेतला आहे, तो या एकाच गोष्टीभोंवतीं फिरतो: जें संकट सर्वांवर पडत नाहीं, त्याचा भार कोणीं उचलावा, आणि तो कसा मोजावा?

प्रथम गार होते कशी, तें दोन शब्दांत सांगून टाकतों. वसंताच्या तोंडाशीं जमीन तापूं लागते. बंगालच्या उपसागराकडून दमट वारे येतात. त्याच वेळीं भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तानच्या वाटेनें आलेली थंड हवा आपल्या डोक्यावर बऱ्याच उंचीवरून वाहत असते. खालची उष्ण, ओलसर हवा वेगानें वर चढते आणि आठ-दहा मैल उंचीचे ढग उभे राहतात. या ढगांत शून्याखालीं गेलेलें, परंतु न गोठलेलें असें पाणी असतें. तें एखाद्या हिमकणावर आदळलें कीं तेथेंच गोठतें. वर चढणारा वारा त्या कणाला खालीं पडूं देत नाहीं, आणि तो थरावर थर घेत वाढत जातो. गार मधोमध फोडून पाहिली, तर कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. वाऱ्याला तिचें ओझें पेलेनासें झालें म्हणजे ती कोसळते. आषाढ-श्रावणांत ढग कांहीं कमी नसतात. पण तेव्हां गोठणबिंदूची पातळी उंच गेलेली असते, आणि गार झाली तरी जमिनीवर येईपर्यंत तिचें पाणी होतें. म्हणून पावसाळ्यांत आपण निर्धास्त असतों, आणि ऐन सुगींत मात्र नसतों.

माणसाच्या जिवावर बेतणारी गारपीटही या देशानें पाहिलेली आहे. ३० एप्रिल १८८८ रोजीं उत्तर हिंदुस्थानांत मुरादाबादेच्या परिसरांत ज्या गारा पडल्या, त्यांत २४६ माणसें मरण पावलीं; जागतिक हवामान संघटनेनें २०१७ सालीं जगांतील सर्वांत प्राणघातक गारपीट म्हणून तिची नोंद केली. आपल्याकडे ती बहुधा पिकांवर भागते. परंतु २०१४ सालीं जें झालें, तें पाहून मोठमोठे जाणतेही चकित झाले. फेब्रुवारीच्या अखेरीस जी गारपीट सुरू झाली, ती मार्चचा मध्य येईपर्यंत आज येथें तर उद्यां तेथें अशी चालूच होती. मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, नगर, नाशिक असें करतां करतां २८ जिल्हे तिच्या तडाख्यांत आले, आणि अठरा लाख हेक्टरांच्या घरांत पिकांची हानि झाली. कित्येक शिवारांत गारांचा थर घोट्याघोट्याएवढा साचला होता. ज्यांनीं काश्मीर कधीं पाहिलें नव्हतें, त्यांच्या दारांत एका संध्याकाळपुरतें काश्मीर आलें. त्याखालीं वर्षभराचें धान्य आणि बागांत दहा-दहा वर्षांची मेहनत पुरली गेली होती. ज्वारीचें नुकसान एका हंगामाचें असतें. पण द्राक्षवेलीची साल फुटली, डाळिंबाच्या फांद्या सोलून निघाल्या, म्हणजे पुढच्या दोन-तीन बहरांवर पाणी पडतें. लोकसभेच्या निवडणुकीची आचारसंहिता नुकतीच लागू झालेली. त्यामुळें निवडणूक आयोगाची अनुमति घेऊन राज्य सरकारला सुमारें ४,००० कोटि रुपयांचें साहाय्य जाहीर करावें लागलें. कोरडवाहू, बागायत आणि फळबाग असे त्याचे तीन निरनिराळे दर होते.

हें झालें आजच्या सरकारचें. सरकार दारीं येत नव्हतें, तेव्हां शेतकरी काय करीत असे?

या प्रश्नाचें एक विलक्षण उत्तर मोल्सवर्थच्या मराठी कोशांत एका शब्दाच्या रूपानें पडून आहे. तो शब्द म्हणजे गारपगारी. गांवावर येणारी गार परतवून लावणें हें ज्याचें काम, तो गारपगारी. वऱ्हाड आणि नागपूर प्रांतांतील मराठी मुलखांत हे लोक गांवचाकरांपैकीं असत, आणि खळ्यावर त्यांना धान्य मिळे. मूळचे हे नाथपंथी जोगी. भगवीं वस्त्रें, गळ्यांत रुद्राक्ष, आणि मृताला बसवून पुरण्याची चाल. रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांनीं मध्य प्रांतांतील जातींविषयीं १९१६ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत यांची हकीकत आहे. १९११ च्या खानेसुमारींत त्यांची संख्या नऊ हजारांच्या आसपास होती.

त्यांचें काम कसें चाले, तें ऐकण्यासारखें आहे. रात्रीं आकाशाला धूर आणि ज्वाळा यांचा मिळून होतो तसा रंग आला कीं गारपगारी समजे, गार येणार. मग तो हातांत तलवार घेऊन मारुतीपुढें जाऊन उभा राही. प्रथम विनवणी: ढग पांगव, गांव वांचव. विनवणीनें काम झालें नाहीं तर धमकी. अंगावरचीं वस्त्रें टाकून देऊन तो म्हणे, मी येथेंच तुझ्यापुढें जीव देतों. कधीं बायको-मुलांनाही शेजारीं उभें करी आणि त्यांच्याही जिवाची भीति देवाला घाली. जुन्या काळीं तो स्वतःच्या अंगावर वारही करून घेई, असें सांगत; ग्रंथ लिहिला गेला त्या सुमारास बोटांतून थेंबभर रक्त काढण्यावर तें येऊन ठेपलें होतें.

आपण आज याला हंसूं. मला मात्र या माणसाविषयीं एक प्रकारचा आदर वाटतो. साऱ्या गांवाची भीति स्वतःच्या अंगावर घेऊन वादळांत उघड्यानें उभें राहणें, हा त्याचा पेशा होता. शिवाय शेतकऱ्याच्या बाजूनें पाहिलें, तर व्यवहारही अगदीं वेडगळ नव्हता. गार येवो न येवो, प्रत्येक खळ्यावरून थोडें थोडें धान्य द्यावयाचें आणि त्याच्या बदल्यांत मनाला स्वस्थता घ्यावयाची, हें काय आहे? हा एक हप्ताच आहे. भेद एवढाच कीं, विमेवाला हानि झाल्यावर भरपाईचें वचन देतो, आणि गारपगारी हानि होऊंच न देण्याचें वचन देई. पहिलें पाळतां येतें, दुसरें पाळतां येत नाहीं. आज तो पेशा गेला. सरकारी याद्यांत जातीचें नांव तेवढें राहिलें आहे.

आणि हंसावयाचेंच असेल, तर युरोपलाही सोडूं नये. तेथें शतकानुशतकें गार टाळण्यासाठीं देवळांतल्या घंटा वाजवीत. १८९६ सालीं ऑस्ट्रियाच्या स्टायरिया प्रांतांत आल्बर्ट श्टीगर नांवाच्या एका गृहस्थानें त्याहून शास्त्रीय दिसणारा उपाय काढला. उखळी तोफेवर धुराड्याएवढा कर्णा बसवावयाचा आणि ढग दिसतांच बार काढावयाचे. योगायोगानें पहिलीं दोन वर्षें त्याच्या द्राक्षमळ्यांवर गार पडली नाहीं, आणि हा हा म्हणतां उत्तर इटलींत हजारों तोफा उभ्या राहिल्या. आंतरराष्ट्रीय परिषदा भरल्या. ढगांना कांहीं झालें नाहीं; तोफा फुटून माणसें मात्र मेलीं. सरकारी देखरेखीखालीं दोन वर्षें प्रयोग झाले, त्यांतून निष्पन्न कांहींच झालें नाहीं, आणि १९०५ च्या सुमारास तें वेड ओसरलें. तें कायमचें गेलें म्हणावें, तर २०१० च्या सुमारास हिमाचल प्रदेशांत सफरचंदांच्या बागांतून नव्या जातीच्या तोफा पुन्हां गर्जूं लागल्या. शास्त्रज्ञांना त्यांच्या उपयोगाविषयीं अजून खात्री वाटत नाहीं. भीतीला तलवार काय, तोफ काय, कांहींतरी हातांत असावें लागतें.

आतां आमच्या मुलखाकडे वळतों. सरकार आणि शेतकरी यांच्यामधला एक मोठा करार जन्माला आला, तो आमच्या शेजारच्या इंदापुरांत. १८२८ ते १८३० या काळांत प्रिंगल या अधिकाऱ्यानें दख्खनेंत जमिनीची मोजणी करून सारा ठरविला होता. तो इतका जड आणि चुकीचा निघाला कीं इंदापूर तालुक्यांत लोक जमिनी टाकून जाऊं लागले. तेव्हां १८३५ सालीं गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनीं तेथें नव्यानें पाहणी आरंभिली. शेताचा मगदूर पाहून हलका आकार बसवावयाचा, आणि तीस वर्षें त्याला हात लावावयाचा नाहीं, ही त्यांची रीति. १८४७ च्या संयुक्त अहवालानें ती नियमबद्ध झाली आणि मुंबई इलाखाभर पसरली.

या पद्धतीनें ओसाड जमिनी पुन्हां लागवडीस आल्या, हें तिचें श्रेय तिला दिलेंच पाहिजे. परंतु तिच्या पोटांत एक गृहीत होतें. बरें वर्ष आणि वाईट वर्ष यांची सरासरी धरून आकार हलका ठेवला आहे. तेव्हां बऱ्या वर्षांत शेतकऱ्यानें शिल्लक टाकावी, वाईट वर्षांत ती मोडावी, आणि दरसाल सुटीसाठीं सरकारच्या दारीं येऊं नये. जुन्या राजवटींत अस्मानी-सुलतानी म्हणून सूट मागण्याची जी वहिवाट होती, ती अशा रीतीनें आखडत गेली. कागदावर हा विचार निर्दोष आहे. पण सरासरी काढण्यास माणसाजवळ पुष्कळ वर्षें असावीं लागतात आणि मधल्या वर्षांत सावकार थांबावा लागतो. गार एका दुपारींच सारी सरासरी मोडून जाते.

पुढें दुष्काळांनीं सरकारला नमतें घ्यावयास लाविलें. १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनीं तगाईची सोय झाली. आणेवारी पाहून सारा तहकूब करण्याचे नियम झाले. सोळा आणे म्हणजे पुरें पीक. त्यांतले किती आणे आले, तें गांवाचें गांव धरून ठरवावयाचें. नाण्यांतून आणा गेला तशी आणेवारीची पैसेवारी झाली, पण माप गांवाचेंच राहिलें. दुष्काळाला हें माप चालतें. गारपिटीला तें कसें चालावें? गांवांतलीं दोनशें शेतें उभीं आणि चाळीस आडवीं. गांवाची पैसेवारी चांगली! ज्याचें शेत आडवें झालें, तो त्या चांगल्या आंकड्यांत कोठें दिसतच नाहीं. त्याच्यासाठीं मग एकच वाट उरते, ती पंचनाम्याची. आणि येथें गारेचा दुसरा खोडसाळपणा आड येतो. ती गुन्हा करते आणि पुरावा वितळवून टाकते. पुराचा गाळ राहतो, आगीची राख राहते. गार गेल्यावर राहतें तें फाटलेलें पान. आणि फाटलेलें पान वाऱ्यानेंही फाटतें, असें म्हणणारा कोणीतरी भेटतोच.

विम्याचा इतिहासही याच अडचणीपाशीं घुटमळत आला आहे. जर्मनींत मेक्लेनबुर्गच्या शेतकऱ्यांनीं १७९७ सालींच परस्पर साहाय्यानें गारेचा विमा सुरू केला होता. ज्यांचीं शेतें वांचलीं त्यांनीं ज्यांचीं गेलीं त्यांना भरून द्यावें, हा त्याचा सरळ अर्थ. आपल्याकडे म्हैसूरच्या जे. एस. चक्रवर्ती यांनीं १९२० सालीं शेतीच्या विम्याची योजना पुस्तकरूपानें मांडली. ती पावसाच्या मोजमापावर उभी होती. १९७६ सालीं पुण्याच्या गोखले संस्थेंतील प्रा. वि. म. दांडेकर यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, एकेका शेताची हानि मोजणें खर्चाचें आणि वादाचें होईल. त्यापेक्षां सारखा मगदूर असलेला प्रदेश एकक धरावा आणि त्याच्या सरासरी उत्पन्नावर भरपाई ठरवावी. त्यांचा युक्तिवाद सबळ होता, आणि देशांतील पीकविमा त्याच पायावर उभा राहिला. मात्र दांडेकरांच्या नजरेपुढें प्रामुख्यानें अवर्षण होतें, असें मला वाटतें. गारेला सारखा मगदूर कळत नाहीं.

२०१६ सालीं पंतप्रधान पीकविमा योजना आली, तींत गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीसाठीं स्वतंत्र शेताची पाहणी करण्याची तरतूद झाली. शेतकऱ्यानें ठराविक मुदतीच्या आंत कळवावें, मग पाहणी व्हावी. एकटें शेत हिशोबाच्या वहींत प्रथमच ठळकपणें दिसूं लागलें. तंटेही पुष्कळ झाले: कळविलें पण कोणी आलें नाहीं, आलें तों पीक निघून गेलें होतें, वगैरे. पुढें २०२५ च्या खरिपापासून महाराष्ट्रानें आपली योजना बदलली आणि भरपाई केवळ पीककापणी प्रयोगांतून निघणाऱ्या मंडळाच्या उत्पन्नावर ठेवली. स्थानिक आपत्तीचें स्वतंत्र कलम गाळलें. फळबागांना हवामानावर आधारलेल्या वेगळ्या योजनेंत गारेचें जोडसंरक्षण घेतां येतें. आपत्तिनिवारण निधींतून पंचनाम्यावर साहाय्य मिळतें. त्यासाठीं पूर्वीं निम्मी हानि व्हावी लागे, २०१५ पासून ती अट ३३ टक्क्यांवर आली आहे. पण विम्यापुरतें बोलावयाचें, तर गव्हा-हरभऱ्याचा शेतकरी पुन्हां सरासरींत जाऊन बसला. यांत खर्चाचा आणि खोट्या दाव्यांचा विचार असेल, आहेच. तरी इंदापुरांत १८३५ सालीं मांडलेला डाव दोनशें वर्षें होत आलीं तरी संपलेला नाहीं, असें माझ्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

एक गोष्ट मात्र खरोखर नवी झाली आहे, आणि ती आमच्या बारामतीजवळच माळेगांवांत. तेथें २००९ सालीं अजैविक ताणांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. अवर्षण, उष्णता, गारठा, गार हे तिचे विषय. २०१४ च्या संहारानंतर या संस्थेनें गारपिटीचीं कारणें, तिनें होणारी हानि आणि नंतरचे उपाय यांवर एक पुस्तिका काढली. गार थांबवितां येत नाहीं हें मान्य करून, ती पडून गेल्यावरच्या चार-आठ दिवसांत काय करावें, याकडे शास्त्रानें वळावें, हें मला मोठें शहाणपणाचें वाटतें. साचलेलें पाणी चर काढून घालवावें. फुटलेल्या फांद्या नीट कापाव्या. सालीच्या जखमांतून बुरशी शिरण्यापूर्वीं औषध फवारावें. पान फुटण्यास बळ यावें म्हणून खताचें सौम्य पाणी पानांवर द्यावें. गारेच्या दुसऱ्या दिवशीं शेतकरी कपाळाला हात लावून बसतो, आणि नेमके तेच दिवस मोलाचे असतात. ज्याला परवडतें तो द्राक्षांवर जाळी अथवा कागदाचें आच्छादन घालतो. पण त्याचा खर्च एकरीं लाखांनीं मोजावा लागतो, आणि जाळी गव्हावर कोण घालणार?

मी आठ-नऊ वर्षांचा असतांना आमच्या गव्हावर गार पडली. पट्टा असा नेमका कीं, ओढ्यापलीकडचें तात्यांचें शेत जसेंच्या तसें उभें. आजोबा कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं लिंबाएवढ्या चार गारा वेंचल्या, तांब्याच्या पातेल्यांत भूस भरून तींत पुरल्या, वरून घोंगडें गुंडाळलें आणि पातेलें माजघराच्या अंधारांत ठेवलें. तलाठ्यांना दाखवावयाच्या होत्या. आजी म्हणाली, "अहो, बर्फ कुठं टिकायचा?" त्यांनीं उत्तर दिलें नाहीं. तलाठी आले दुसऱ्या दिवशीं तिसऱ्या प्रहरीं. आजोबांनीं स्वतः घोंगडें सोडलें. ओलें भूस होतें आणि तळाशीं ओंजळभर पाणी. तलाठी भला माणूस होता, त्यानें पाण्यांत बोट बुडवून पाहिलें आणि म्हणाला, "आण्णा, पाण्याचा पंचनामा कसा लिहूं?"

तेवढ्यांत तात्या आले. त्यांनीं शेताची हकीकत सांगितली, गार केवढी होती तें हाताच्या बोटांनीं दाखविलें, आणि पंच म्हणून पहिली सही त्यांनींच केली. साऱ्यांत सूट किती मिळाली, तें मला आठवत नाहीं. त्या उन्हाळ्यांत आमच्या बैलांनीं तात्यांच्याच गंजीचा कडबा खाल्ला. आजोबांनीं त्याचा हिशोब दोनदां मागितला. तात्यांनीं तो कधीं दिला नाहीं.